मिसेस सग्डनच्या स्वयंपाकघरातला खेळ

हेडली क्रॅबट्रीला त्या दुपारी काय काय मिळायचं होतं, ते आधी मांडून घेऊ. लंडनच्या बड्या कंपनीत अध्यक्षाच्या शेजारची खुर्ची. बायकोच्या डोक्यात कधीपासून बसलेलं पोर्तुगालमधलं समुद्राकाठचं घर. वर्तमानपत्रात अर्धं पान, फोटोसकट. आणि या सगळ्याहून त्याला प्रिय म्हणजे, ‘विश्वासावर उभी राहिलेली कंपनी’ असं म्हणत चार प्रतिष्ठित माणसांनी त्याच्या नावानं ग्लास उंचावणं. बदल्यात द्यायचं काय, तर लॅम्प रूम नावाची कंपनी, जिच्यात दोन वाटे त्याचे होते, आणि जेवणाआधी वीस मिनिटं गप्प बसून एक फिल्म बघायची.

सौदा इतका स्वस्त दिसला की शहाण्या माणसानं दाराआड कोण उभंय ते बघून घ्यावं. हेडलीनं बघितलं नाही. दाराआड तिसरा वाटा उभा होता. त्याचं नाव विनी सग्डन.

लॅम्प रूम सुरू झाली उत्तर इंग्लंडच्या खाणपट्ट्यात, बार्न्सलीत, एका बंद पडलेल्या दुकानाच्या माडीवर. नव्या वाहिनीला तेव्हा बाहेरच्या छोट्या कंपन्यांकडून कार्यक्रम हवे होते. ज्याच्याकडे टेबल आणि टेलिफोन, तो निर्माता, असे ते दिवस. टेबल विनीचं होतं, टेलिफोन हेडलीचा. कोळशाच्या खाणीतला बाप, खाणीच्याच गावात गेलेलं बालपण, त्यामुळे विनीला घराघरात मागच्या दारानं प्रवेश. हेडलीला लंडनमध्ये पुढच्या दारानं. दोघांचं जमलं नसतं तरच नवल.

पहिली फिल्म होती एकोणीसशे सव्वीस सालच्या मोठ्या खाणबंदीची, मालकांनी पगार कापून कामगारांना बाहेर ठेवलं तिची. तेव्हाच्या बायकांना बोलतं करायचं ठरलं. सगळ्यात छान बोलली ती विनीचीच आई, एडिथ सग्डन, वय अठ्ठ्याहत्तर. आपल्याच स्वयंपाकघरात, शेरीचा दुसरा घोट पोटात गेल्यावर, तिनं आयुष्यभर कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. खाणबंदी संपायच्या थोडं आधी तिचा नवरा वॉल्टर काकाच्या शेतावर जातो म्हणून निघाला होता. गेला होता मात्र शेजारच्या परगण्यातल्या खाणीत कामावर. पहिलं मूल तापानं फणफणलं होतं आणि घरात डॉक्टरला द्यायला काही नव्हतं. मूल तरीही गेलं. त्या गावात बाकी सगळं माफ होतं, चोरी, मारामारी, दुसऱ्याची बायको. संपफोड्या मात्र मेल्यावरही संपफोड्याच. त्याच्या नातवंडांनाही कुणी बिअर पाजत नाही.

सांगून झाल्यावर म्हातारी भानावर आली. म्हणाली, “हे नाही ना घालणार, पोरा?” हेडली म्हणाला, “नाही मिसेस सग्डन. माझा शब्द.” कॅमेरावाल्यानं कॅमेरा अजून बंद केला नव्हता, म्हणून दोन्ही वाक्यं जशीच्या तशी राहिली.

पुढे वाहिनीचा साहेब म्हणाला, फिल्म चांगली आहे, पण जीव नाही. हेडलीकडे जीव होता, डब्यात. विनी दुसऱ्या चित्रीकरणाला गेली होती त्या आठवड्यात त्यानं तो लंडनमध्ये बसून फिल्मला जोडला. म्हातारीचा प्रश्न आणि ‘माझा शब्द’ तेवढे कापले.

साल कुठलं, तर चौऱ्याऐंशी. खाणी पुन्हा संपावर, गावच्या वेशीवर पोलीस, आणि ‘संपफोड्या’ हा शब्द भिंतीभिंतींवर रंगवलेला. फिल्म लागली त्या संध्याकाळी एडिथनं शेजारणींना बोलावलं होतं, पार्किन भाजलं होतं. आल्याचं, काकवी घातलेलं, आमच्याकडे केक म्हणून तेच. आपलीच गोष्ट आपल्याच तोंडून ऐकल्यावर ती उठली आणि चहाचं आधण ठेवलं. कप घेऊन परत आली तर खुर्च्या रिकाम्या. एकटी विनी बसलेली.

त्यानंतर चॅपलमध्ये एडिथच्या बाकावर कुणी बसेना. कोऑपमधली, म्हणजे गावच्या सहकारी दुकानातली, बाई उरलेली चिल्लर तिच्या हातावर ठेवीना, गल्ल्यावर ठेवी. बोलणं नाही, भांडण नाही. नुसती गल्ल्यावर चिल्लर. दोन हिवाळ्यांत म्हातारी गेली, आणि अंत्यविधीला पाद्री धरून पाच माणसं होती. फिल्मला मात्र मोठं बक्षीस मिळालं, आणि त्या बक्षिसाच्या पायावर लॅम्प रूमचा दुसरा मजला चढला.

मी कंपनीत आलो तो यानंतर. गाड्या, जेवणं, परवानग्या, रुसलेले नट, हे माझं खातं. सुरुवातीला मला कोडं पडायचं की विनी इथे बसलीय कशाला. एकदा विचारलंच. ती म्हणाली, “लायनेल, कोळसा लगेच पेटवला तर धूर फार होतो रे. वाळू द्यावा.”

तिनं भांडण केलं नाही. एक प्रथा पाडली. ज्याच्यावर फिल्म काढली त्याच्या स्वयंपाकघरात, प्रसारणाच्या आधी, पार्किन घेऊन जायचं. त्यांच्याच टीव्हीवर सगळं दाखवायचं. ‘हे काढा’ म्हणाले की काढायचं, वाद नाही. टेप पाठवून चालत नाही, माणूस समोर बसला पाहिजे, कारण माणूस नको असलेली गोष्ट तोंडानं सांगत नाही, कप खाली ठेवून सांगतो.

लंडनवाले आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की जी माणसं इतर कुणाला दार उघडत नाहीत ती लॅम्प रूमला आत घेतात. बुडालेल्या बोटीवरची विधवा, तुरुंगातून सुटलेला बाप, तोंड मिटून बसलेली नर्स. फिल्मांमागून फिल्मा आल्या. मग मेंढ्यांच्या डॉक्टरची मालिका आली, ती सात वर्षं चालली, आणि त्याच्यामागून दुपारची प्रश्नमंजूषा, जिच्यावर अर्ध्या देशातले निवृत्त लोक जेवण लांबवत. लीड्समध्ये कचेरी झाली, मग लंडनमध्ये. लंडनच्या कचेरीत कॉफीचं यंत्र आलं आणि ते चालवायला इटलीहून आलेला पोरगा.

आणि ही प्रथा आपण पाडली, असं हेडली भाषणांत सांगू लागला. विद्यापीठांत, परिषदांत. ‘आम्ही आधी दाखवतो,’ हे वाक्य तो छातीवर हात ठेवून म्हणे. विनी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. मी तिच्या शेजारी बसायचो. टाळ्या इतक्या सावकाश वाजवता येतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग खरेदीदार आले. लंडनच्या कंपनीच्या वतीनं इमोजेन फॅरो नावाची बाई यायची, बारीक, नेमकी, कमी बोलणारी. तिनं सरळ सांगितलं, मालिका कुणीही काढतं, आम्ही विकत घेतोय तो लोकांचा तुमच्यावरचा विश्वास, आणि मिस्टर क्रॅबट्री त्याचा चेहरा आहेत. हेडलीचा चेहरा त्या दिवसापासून थोडा मोठा दिसू लागला.

सौद्यावर सह्या व्हायच्या दिवशी लीड्सच्या हॉटेलात दुपारचं जेवण ठरलं. जेवणाआधी कंपनीच्या वाढीची वीस मिनिटांची फिल्म. हेडलीनं ते काम विनीवर टाकलं. “तुझ्याइतकं आपलं जुनं कुणाला ठाऊक आहे?” म्हणाला. हे त्यानं अगदी खरं सांगितलं.

फिल्म तयार झाल्यावर विनीनं त्याला निरोप धाडला. फिल्म तुझ्यावर आहे, तेव्हा प्रथेप्रमाणे ये आणि बघून जा. आईचं घर तिनं विकलं नव्हतं, तिथेच राहायची. मला म्हणाली, तूही ये, साक्षीला. आणि आधी मलाच सगळं दाखवलं.

मी विचारलं, “त्यानं काढ म्हटलं तर?”

“तर काढीन. प्रथा म्हणजे प्रथा.”

“आणि वाट बघितलेली अठरा वर्षं?”

“पाण्यात. पण त्याला आईच्या खुर्चीत बसून, माझ्याकडे बघून ‘काढ’ म्हणावं लागेल. तेवढंही मला पुरेल.”

पहिल्या वेळी हेडलीला लंडनमध्ये कुणाबरोबर तरी जेवायचं होतं. दुसऱ्या वेळी त्यानं टेप न्यायला आपली सेक्रेटरी पाठवली. विनीनं तिला चहा पाजला, पार्किन बांधून दिलं आणि टेपशिवाय परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तो खरोखर आला. गाडी गल्लीत, घराच्या समोर उभी राहिली. विनीनं किटली ठेवली. टीव्ही लावला. एडिथची खुर्ची पुढे ओढली.

गाडीत हेडलीचा फोन वाजला. आम्ही खिडकीतून बघत होतो. तो बोलत होता, हसत होता, मोकळ्या हातानं हवेत काहीतरी विकत होता. चहा काळा झाला. विनीनं तो ओतून दुसरा केला. शेवटी ती स्वतः बाहेर गेली, मीही मागोमाग. त्यानं काच खाली केली, फोन छातीशी दाबला.

“विनी, बये, मरायला फुरसत नाही. फॅरोबाई लाइनवर आहे.”

“वीस मिनिटं, हेडली. तू सगळ्यांना सांगतोस तेवढंच. आधी बघ.”

“अगं, ते त्यांच्यासाठी. आपलं काय? माझा तुझ्यावर विश्वास आहे.”

“आईनंही ठेवला होता,” विनी म्हणाली.

“कुणाच्या आईनं?”

विनी गाडीपासून मागे सरकली. त्यानं खांदे उडवले, भोंगा दोनदा वाजवला आणि गेला. विनी आत आली, बसली आणि पार्किनचा मोठा तुकडा तोडून खाल्ला. तिला एवढ्या चवीनं खाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या दिवशी शंभरेक माणसं होती. फिल्म सुरू झाली ती हसतखेळत. जुनं दुकान, तुटकी पायरी, लांब केसांचा हेडली. लोक हसले, हेडली सगळ्यात मोठ्यानं. मग एडिथ सग्डन आली, पडदाभर. वॉल्टरची गोष्ट विनीनं घेतलीच नव्हती, एक शब्दही नाही. आईला दुसऱ्यांदा उघडी पाडायची नव्हती. फक्त तिचा भानावर आलेला चेहरा, आणि “हे नाही ना घालणार, पोरा?” मागून हेडलीचा तरुण आवाज. “नाही मिसेस सग्डन. माझा शब्द.” लगेच पुढच्या क्षणी बक्षीस उंचावलेला हेडली. त्यानंतर चॅपलमधला एक रिकामा बाक, थोडा जास्तच वेळ. आणि मग परिषदेतला हेडली, छातीवर हात ठेवून. “आम्ही आधी दाखवतो.” मेंढ्यांचा डॉक्टर आला, प्रश्नमंजूषा आली, पण आता कुणी हसत नव्हतं.

दिवे लागले. वाढप्यांना कळेना सूप आणावं की नाही.

इमोजेन फॅरोनं हेडलीला एकच विचारलं, आणि तेही हळू. “त्या बाई नको म्हणाल्या, तो भाग दाखवला गेला होता?”

हेडलीच्या मानेवर लाली चढत होती. तिला सोडून तो टेबलापलीकडे विनीकडे बघून म्हणाला, “कुणीतरी हे मला आधी दाखवायला हवं होतं.”

“तीन वेळा चहा टाकला होता,” विनी म्हणाली.

मागच्या टेबलावर कुणाला तरी खोकला आला. तो खोकला नव्हता. हळूहळू तो सगळ्या खोलीत पसरला, आणि हेडली क्रॅबट्री, ज्याला लोकांची करमणूक करण्याचे पैसे मिळत आले होते, तो जन्मात पहिल्यांदा फुकट हसवत उभा होता.

सूप आलं. सह्या त्या दिवशी झाल्या नाहीत.

आता कुणी काय भरलं ते.

लंडनवाल्यांनी पाठ फिरवली नाही, व्यापारी माणसं ती. त्यांनी भाव पाडला. चेहरा नको म्हणाले, मालिका आणि प्रश्नमंजूषा द्या. विनीला चेहरा व्हायला बोलावलं, ती म्हणाली, माझ्या चेहऱ्याला सवय नाही. हेडलीला पैसे मिळाले, खोटं कशाला बोला, पण पोर्तुगालमधलं घर समुद्रापासून बरंच आत निघालं. खुर्ची गेली. आता तो कुठल्याही समारंभात शिरला की कुणीतरी पोरसवदा दिग्दर्शक प्रेमानं विचारतो, “आधी दाखवलंत ना?” लंडनमध्ये चिल्लर कुणी गल्ल्यावर ठेवत नाही. तिथे फोन उलटून येत नाही, एवढंच. हेडलीला तो फरक समजतो की नाही, मला ठाऊक नाही. विनीला समजतो.

बार्न्सलीची माडी बंद झाली. मी, टेलिफोनवरची मॉरीन, संकलनाच्या खोलीतले चौघे, ज्यांनी कुणाला कसलाच शब्द दिला नव्हता, ते सगळे रस्त्यावर. माझी तक्रार नाही. असा खेळ बघायला लोक तिकीट काढतात, मी नोकरी दिली.

आणि विनी. तिच्या वाट्याचे पैसे तिनं घेतले. का घेऊ नयेत? गेल्या शनिवारी मी तिच्याकडे गेलो होतो, दूध संपलं म्हणून दोघं कोऑपमध्ये गेलो. गल्ल्यावर आता त्या बाईची मुलगी बसते. लीड्सच्या हॉटेलात काय झालं हे त्या गावात कुणाला माहीत नाही, आणि कळलं असतं तरी तो त्यांचा हिशेब नव्हता. माझे सुटे तिनं माझ्या तळहातावर ठेवले.

विनीचे गल्ल्यावर.

विनीनं ते एकेक करून उचलले.