कुरणातला मोकळा तुकडा

रेणुकादासची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, आणि मूलही गेलं. त्यानंतर नांदेडच्या घरात त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलू लागले. त्याला ते सोसेना. देवणीजवळच्या सरकारी कुरणावर नोकरीला कुणी जायला तयार नव्हतं. त्यानं ती जागा मागून घेतली. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडे दूर युरोपात लढाई पेटलेली होती.

काम सोपं होतं. कुरणात काही पट्टे आखलेले होते. त्यांवर हैदराबादेहून आलेलं अमोनियाचं पांढरं खत टाकायचं, बाकीचं कुरण तसंच ठेवायचं, आणि दिवाळीच्या सुमारास दोन्हीकडचं गवत कापून तोलायचं. राहायला पत्र्याची एक खोली होती. गाव लांब होतं.

तिथं येणारं माणूस एकच, शरणम्मा. वय झालेली विधवा बाई. खतापासून दूरच्या भागात ती आपली देवणी गाय चारायची आणि लुगड्याच्या ओट्यात रानभाजी खुडून घ्यायची. रेणुकादास कागदावर लिहितो म्हणून ती त्याला मास्तर म्हणे. तो तिला अव्वा म्हणू लागला. दुपारी ती खोलीच्या सावलीला बसून भाकरीचं फडकं सोडायची.

"घरी कोन हाय तुझं?" तिनं एकदा विचारलं.

"आई आहे, भाऊ आहेत."

"मंग हितं कशाला ऱ्हाऊन राहिलास?"

त्यानं कागद उचलून पुन्हा लिहायला घेतलं. तिनं पाथरीची भाजी घातलेली अर्धी भाकरी त्याच्यापुढं सरकवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

खताच्या पट्ट्यांवर गवत छातीएवढं वाढलं. तोलल्यावर खात्याचे साहेब खूश झाले आणि पुढच्या साली सगळ्या कुरणाला खत टाकायचा हुकूम आला. पण श्रावणात पट्ट्यांतून फिरताना रेणुकादासला एक गोष्ट खटकली होती. उंच कुसळी गवत हातानं बाजूला केलं की खाली नुसती काळी ओली माती दिसायची. रानमूग नव्हता, शंखपुष्पीची निळी फुलं नव्हती, पाथरी तर नव्हतीच. शेजारच्या बिनखताच्या जमिनीत या सगळ्यांची दाटी होती. उंच गवत सगळं ऊन वरच्या वर पिऊन टाकत होतं.

साहेब पाहणीला आले तेव्हा त्यानं त्यांना ते दाखवलं.

"वजन तो बढा ना?" साहेबांनी विचारलं.

"जी, बढा."

"फिर?"

त्यानं हातातलं गवत सोडून दिलं. तरी ओढ्याकडचा उतार बिनखताचा ठेवायची परवानगी त्यानं मागितली. तुलनेला लागेल, म्हणाला. साहेबांनी मान हलवली. बाकी सगळीकडं खत पडलं.

दोन पावसाळ्यांनी शरणम्मा रिकामा ओटा घेऊन खोलीपाशी आली. गाईच्या ओठांत कुसळं रुतली होती. रेणुकादासनं गाईचं तोंड धरलं आणि तिनं एकेक कुसळ उपसून काढलं.

"उदगीरला लेकीकडं जाते," ती म्हणाली. "हितं आता काय ऱ्हायलं न्हाई, मास्तर."

"उतारावर आहे की, अव्वा. तिथं खत टाकू दिलं नाही मी."

"तेवढ्याशा तुकड्यात गाईचं पोट भरतंय का?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. ती गेली. कधीकधी रेणुकादास मोठ्यानं बोलून आपलाच आवाज ऐकायचा.

लढाईपायी खत येईनासं झालं. गवत खुरटलं, पण गेलेलं काही परत आलं नाही. मग तो उतारावरच्या रानमुगाच्या वाळल्या शेंगा गोळा करून कुरणभर विखरू लागला. हे काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एका हिवाळ्यात तो छकड्यात बसून उदगीरला गेला. शरणम्माला आता नीट दिसत नव्हतं. गाय विकली होती. तिनं त्याचा हात चाचपून पाहिला.

"एकलाच हाईस अजून?"

"हो."

"नांदेडला जा रे लेकरा."

तिनं लेकीला सांगून त्याला जेवू घातलं. मुक्काम कर म्हणाली, पण त्याला तिथं थांबवेना. परतीच्या वाटेवर छकडेवाला गाणं म्हणत होता. ते थांबू नये असं त्याला वाटत राहिलं.

पुढं रेणुकादासची मुदखेडला बदली झाली. त्याच्या जागी शेषेराव नावाचा तरुण आला. रेणुकादासनं त्याला उतारावर नेलं, खत पडलेली आणि न पडलेली जमीन शेजारी शेजारी दाखवली, रानमूग कुठं कुठं पुन्हा रुजलाय तेही दाखवलं. इतकं तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. शेषेरावानं सगळं अदबीनं ऐकलं.

"प्यायचं पाणी कुठून आणता?" त्यानं विचारलं.

रेणुकादासनं त्याला विहिरीची वाट दाखवली.