पत्ता कुणाला सांगतोयस?

रस्त्यात कुठे गर्दी जमली की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. बातमीदारांचे तर पायांआधी हात वळत, ते खिशातल्या मोबाइलकडे. खरं तर त्यांचं दुकान नळ आणि पाइपचं. पण टाकी फुटो की शेजाऱ्यांचं भांडण होवो, चित्रण सगळ्यात आधी यांचं, म्हणून घरात त्यांचं ‘बातमीदार’ हे नाव पडलं.

यंदा ते बायकोला घेऊन धाकट्या बहिणीकडे परदेशी गेले. बहीण तिथल्या दवाखान्यात नर्स. दोघं पोचले त्याच आठवड्यात त्या देशात दहशतवादी हल्ल्याचा धोका वाढल्याची सरकारी सूचना निघाली. बाहेर पडण्याआधी बहिणीने दोघांना टेबलाशी बसवलं.

“वहिनी, माझा नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. कुठेही शिरलात की बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवायची. आणि दादा, धोका दिसला की निघायचं. बघत उभं राहायचं नाही.”

“अगं, व्हायचं ते होणारच! मरण काय सांगून येतं?”

“मग रस्ता ओलांडताना दोन्हीकडे कशाला बघतोस?”

वहिनींना हसू आवरेना. बातमीदार फुरंगटले. “तू लहानपणापासूनच भित्री!”

“भित्री असते तर कडी लावून घरात बसले असते. मी रोज कामावर जाते, दादा. डोळे उघडे ठेवून जाते, एवढंच.”

दुपारी तिघं एका मॉलमध्ये गेली. वहिनी बॅगा बघत होत्या. एवढ्यात मागच्या दाराकडून गोळ्यांचे धडाधड आवाज आले, पाठोपाठ किंकाळ्या. लोक वाट फुटेल तिकडे धावत सुटले. बातमीदार मात्र मोबाइल उंच धरून जागेवरच उभे!

“दादा, चल!” बहिणीने त्यांचं मनगट धरून त्यांना अक्षरशः ओढलं. दारापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. समोरच्या बुटांच्या दुकानातली बाई हातवारे करून लोकांना आत घेत होती. तिने शटर ओढलं, सगळ्यांना मागच्या कोठीत ढकललं आणि दिवे घालवले.

कोठीत खोक्यांच्या चळती आणि रबराचा वास. एक तरुण आई बाळाला छातीशी घट्ट धरून खाली बसली होती. अंधारात एकच उजेड होता, बातमीदारांच्या मोबाइलचा.

“मित्रांनो,” ते कुजबुजत होते, “थेट दाखवतोय. आम्ही तळमजल्यावर, बुटांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत…”

बहिणीने झडप घालून चित्रण बंद केलं. “पत्ता कुणाला सांगतोयस?”

“आपल्याच माणसांना!”

“हे सगळं जग बघतंय, दादा! बाहेर बंदूक घेऊन फिरणाऱ्याच्या खिशातही फोन असेल की!”

बातमीदारांनी झटकन मोबाइल खाली घेतला. हे आपल्याला कसं सुचलं नाही? आणि तेवढ्यात फोन खणखणला! चित्रण बघून कुणा मित्राने काळजीने लावला होता. घाईघाईत त्यांना बटण सापडेना. वहिनींनी फोन हिसकावला, हाताला आलेल्या बुटात कोंबला आणि तो बूट पदराखाली दाबून धरला.

बाहेर पावलं वाजली. थांबली. शटर खडखडलं.

बाळ कुरकुरलं. आईने त्याला आणखी जवळ घेतलं आणि बातमीदारांकडे पाहिलं. ती नजर त्यांना सोसवेना. त्यांनी मान खाली घातली.

पावलं दूर गेली. ती कुणाची होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

बऱ्याच वेळाने पोलीस आले. “हात वर, हातात काही नको,” बहिणीने हळूच बजावलं. तसेच सगळे एका रांगेत सुखरूप बाहेर पडले. पोलिसांनी लावलेल्या अडसराच्या पलीकडे ही गर्दी! प्रत्येकाचा मोबाइल उंच, आत शिरणाऱ्या पोलिसांवर रोखलेला.

बातमीदारांना ती भाषा धड येत नव्हती. तरी ते दोन्ही हात पसरून गर्दीपुढे उभे राहिले. “मागे! मागे व्हा! फोन खाली!” भाषा कळली नाही, पण त्यांचा चेहरा बघून पुढची माणसं हटली.

मग त्यांनी आपलं चित्रण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवलं. मित्रांच्या ग्रुपवर मागण्यांचा पाऊस पडत होता, ‘अजून टाक, लवकर टाक!’ त्यांनी लिहिलं, “आधीचं पुसलंय. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही पुसा. पुढे पाठवू नका.”

“काय रे, घाबरलास वाटतं?” एकाने डिवचलं.

“हो, घाबरलो,” त्यांनी उत्तर दिलं. “माझ्या हौसेपायी आज एक तान्हं बाळ गेलं असतं.”

मंडळी, परका देश असो की आपली गल्ली, धोका समोर आला तर आधी तिथून निघा. निघता येत नसेल तर लपा, फोनचा आवाज बंद करा, आणि सुरक्षित झालात की पोलिसांना कळवा. हल्ला करणाऱ्याला घबराट हवी असते, गोंधळ हवा असतो आणि माणसं कुठे लपलीत ते हवं असतं. त्यातलं काहीही त्याला आपल्या हातून मिळता कामा नये!