पिवळी पावलं

मी एक जुना पितळी फवारा पंप आहे. मित्रांनो, माझ्या दिसण्यावर जाऊ नका. माझे पट्टे कुजले, नळी तडकली, बेला नावाच्या खेड्यातल्या एका घरात धान्याच्या कोठीमागे खिळ्याला मी उलटा टांगलेला आहे. पण डूख फक्त नागच धरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझी गोष्ट जरूर ऐकावी. मी सात वर्षं डूख धरला होता. धरला आणि काढलासुद्धा.

माझा जन्म हैदराबादच्या एका तांबट गल्लीत झाला. ठोकून ठोकून मला पोट दिलं, आत चामड्याची वाटी बसवली, बाजूला दांडा लावला. दांडा खालीवर केला की वाटी दाब धरते आणि तोटीतून धुक्यासारखा फवारा निघतो. आदिलाबादच्या बाजारात मला एका सडसडीत माणसानं उचललं, पोटावर बोटानं टकटक केलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "चाल बापा घरी."

ते चंपतराव. मूळचे बेल्याचे, कापूस-ज्वारीच्या घरातले. पण त्यांचा जीव रमला तो गवतात. आदिलाबाद गावातल्या बंगल्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या अंगणातल्या हिरवळी राखणं हा त्यांचा धंदा. हराळीची एकेक काडी लावायची, लव्हाळा गाठीसकट उपटायचा, दाराला लागलेली उधई घालवायची, मुळं कुरतडणारी हुमणी शोधायची. गवत नुसतं हातानं चाचपून ते सांगत, "खाली हुमणी हाये." उकरून पाहिलं की पांढऱ्या अळ्या निघायच्याच. लोक त्यांना गवताचा वैद्य म्हणत.

त्यांच्या दोन सवयी तुम्ही नीट लक्षात ठेवा. माझा सगळा सूड त्या दोन सवयींवर उभा आहे.

पहिली सवय म्हणजे ते उलटं चालत. अनवाणी, एकेक पाऊल मागे टाकत, समोर फवारत. त्यामुळे औषधानं ओल्या झालेल्या गवतावर त्यांचा पाय कधी पडत नसे. मी त्यांच्या पाठीवर, म्हणजे चालताना सर्वांत पुढे मी. पुढारीपणाचा तो मान मला फार आवडायचा.

दुसरी सवय तीन पाण्यांची. काम संपलं की मला दोन पाण्यांनी खळखळून धुवायचं. माझ्या तळाला एक खळगा आहे, त्यात औषध दडून बसतं. म्हणून तिसरं पाणी भरून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी कुंपणाबाहेर दगडांच्या ढिगावर ओतायचं आणि मला उन्हात उलटं निजवायचं. वर चामड्याच्या वाटीला एरंडेलाचं बोट. त्यांची बायको सोनाबाई चिडवायची, "लेकराले बी इतकं नाई न्हाऊ घातलं तुमी!" मला वाटायचं, हे सगळे लाड माझेच.

गावाबाहेर एका मोठ्या सरकारी साहेबाचा बंगला होता. तिथली हिरवळ चंपतरावांनी काडीकाडीनं वाढवली होती. बंगल्याच्या नोकरांवर माणिकराव नावाचा जमादार होता. पायात नाल ठोकलेले बूट, ओठांवर सदा 'हुजूर'. काम दुसऱ्यानं करावं आणि शाबासकी आपण घ्यावी, हा त्याचा खाक्या.

निजामाचं राज्य गेलं. पोलीस ॲक्शनच्या पुढच्या वर्षी बंगल्यावर नवे साहेब आले. त्यांच्या स्वागतासाठी चंपतरावांनी मुरमाच्या वाटेवरचं तण जाळायचं औषध मारलं. मग मला दोन पाण्यांनी धुतलं, तिसरं पाणी भरून निंबाला टांगलं आणि ते घरी गेले.

संध्याकाळी माणिकराव आला. पंप भरलेला पाहून त्याला वाटलं, हिरवळीचं औषध तयारच आहे. साहेब व्हरांड्यात बसलेले. मग काय, त्यानं मला पाठीवर घेतलं आणि साहेबांना दिसेल असा सगळ्या हिरवळीवर मिरवत फवारत गेला. सरळ चालत, ओलं गवत बुटांनी तुडवत. त्या दिवशी मी पहिल्यांदा मागे होतो आणि मागे उमटणारं त्याचं प्रत्येक पाऊल मला दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी हिरवळ पिवळी पडली. जिथे बूट पडले होते तिथे तर वाळल्या कडब्यासारखी. माणिकराव हुशार. कुणी बारकाईनं पाहायच्या आत त्यानं मजूर लावून सगळं गवत उकरून टाकलं आणि साहेबांपुढे हात जोडले, "हुजूर, चंपतचा पंप, चंपतचं औषध. जुन्या राजवटीचा माणूस, त्यानं मुद्दाम केलं."

चंपतरावांना आत येऊन बघूसुद्धा दिलं नाही. फाटकाशी उभं करून मुचलका लिहून घेतला, की यापुढे गावातल्या कोणत्याही बंगल्यात, अंगणात पाऊल ठेवणार नाही. मला जप्त केलं. ते एवढंच म्हणाले, "जमादार, पंपाले तिसरं पानी द्याजा." माणिकराव फिदीफिदी हसला.

त्या हसण्याची शपथ घेऊन सांगतो मित्रांनो, त्याच दिवशी मी ठरवलं. याचा वचपा काढल्याशिवाय गंजायचं नाही.

मग माझे वाईट दिवस आले. माणिकरावानं माझ्यात चुना भरून भिंती रंगवल्या, रॉकेल भरून नाल्या फवारल्या. धुणं नाही, तेल नाही. माझी वाटी सुकून आक्रसली, खळग्याच्या तोंडाशी चुन्याचा थर बसला. प्रत्येक थर मी जपून ठेवला. दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. मी वाट बघत होतो. हा माणूस आपल्याच हातांनी माझ्या पोटात आपल्यासाठी खड्डा खणत होता, मग मी का घाई करू?

सात वर्षं गेली. हैदराबाद राज्य मोडलं, भाषेप्रमाणे नवी राज्यं झाली. शेजारचे काही तालुके मुंबईकडे गेले, आम्ही आंध्रात आलो. बंगल्यावर किनाऱ्याकडचे तेलुगू बोलणारे साहेब आले. चार दिवसांनी हिरवळीवर मोठी मेजवानी ठरली.

माणिकरावाची धावपळ उडाली. सकाळी त्यानं माझ्यातूनच मुरमाच्या वाटेवर तेच तण जाळायचं औषध मारलं. हिरवळीत लाल मुंग्या झाल्या होत्या. पाहुणे बसणार, मुंग्या चावणार! म्हणून दुपारी माझ्यात मुंग्यांचं औषध भरायचं होतं. त्यानं मला एका पाण्यानं विसळलं, हात फिरवला आणि म्हणाला, "झालं."

झालं? माझ्या आत आनंदाचा नुसता कल्लोळ! सकाळी चुन्याच्या थराच्या फटीतून झिरपलेलं ते जळजळीत औषध खळग्यात तसंच होतं. त्याचं पाणी वरच्यावर गेलं, मी तळातला एक थेंबही सोडला नाही. मग मुंग्यांचं औषध पडलं आणि त्यानं दांडा मारायला सुरुवात केली. त्या हादऱ्यांनी थर फुटला. आता मी सगळं सोडलं. अगदी मोकळ्या मनानं सोडलं. तो पुढे चालत होता, मी मागून त्याची पावलं मोजत होतो. हिरवळ संपल्यावर तो ओल्या बुटांनी, न फवारलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, थेट आपल्या खोलीपर्यंत गेला.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे मेजवानीच्या आदल्या सकाळी, हिरवळ पिवळी! आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशा त्यानं लगेच ठोकल्या. "हुजूर, हे बेल्याच्या चंपतरावाचं काम. जुनं वैर काढलं. भिंत चढून आला असणार."

शिपाई बेल्याला गेला. चंपतराव आले, मागे सोनाबाई. सात वर्षांत ते निम्मे झाले होते. गवताच्या वैद्याला लोकांच्या वावरात निंदायला जावं लागलं होतं, आणि निंदतानाही सवयीनं उलटं सरकत म्हणून पोरंटोरं हसायची. हे सगळं मला पुढे सोनाबाईच्या बोलण्यातून कळलं. आज गुन्हा माथी बसला तर सरळ तुरुंग होता. फाटकातून आत येताना सोनाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "ह्या खेपेले हात जोडू नोका. तुमी काईच केलं नाई."

साहेबांनी विचारलं, "तुमने किया?"

चंपतराव हिरवळीकडे गेले. ते गवताशी उकिडवे बसले, एक पिवळी काडी चुरगाळून हुंगली. मग न फवारलेल्या पट्ट्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिले. हिरव्यागार पट्ट्यावर पिवळी पावलं उमटली होती. बुटांची, सरळ जाणारी, एकामागून एक.

"साब," ते हळूच म्हणाले, "मैं उलटा चलके दवा मारतूं. नंगे पाँव. गीले घास पे पाँव नै रखता. पानी भरके देव, दिखातूं."

साहेबांनी मला आणायला सांगितलं. साधं पाणी भरलं. सात वर्षांनी चंपतरावांनी मला पाठीवर घेतलं आणि सात वर्षांनी मी पुन्हा पुढे निघालो. एकेक पाऊल मागे, समोर फवारा. त्यांनी वाफाभर गवत भिजवलं, ओल्यात एकही पाऊल नाही.

साहेब पिवळ्या पावलांच्या मागे चालत गेले. पावलं माणिकरावाच्या उंबऱ्याशी थांबली. डाव्या टाचेच्या नालाचा अर्धा तुकडा उमटला नव्हता, प्रत्येक डाव्या पावलात नव्हता.

"जमादार, बूट रखो इस पे."

माणिकरावानं बूट ठेवला. तंतोतंत बसला. त्याचा चेहरा त्या गवतापेक्षा पिवळा झाला आणि सात वर्षांपूर्वीचं उकरणंही तोंडून बाहेर पडलं. खाई त्याला खवखवे! त्याच दिवशी तो बरखास्त झाला. मुचलका रद्द झाला, मी चंपतरावांना परत मिळालो. बंगल्याच्या फाटकातून बोचकं घेऊन तो निघाला तेव्हा मी निंबावरून बघत होतो. मित्रांनो, तशी गोड सकाळ मी पुन्हा पाहिली नाही.

मला वाटलं, आता चंपतराव मला थोपटतील. शाबास म्हणतील. ते मात्र हिरवळीत जाऊन बसले होते. त्या मातीत सात वर्षांपूर्वीची त्यांची काही मुळं उकरण्यातून वाचली होती, पुन्हा फुटली होती आणि आता माझ्यामुळे जळाली होती. त्यांनी एक गड्डा हातात घेतला. डोळे भरून आले होते.

"यानं काय बिघडवलं होतं कोनाचं?" ते म्हणाले.

मग ते मला विहिरीवर घेऊन गेले. चुन्याचा थर काडीनं कोरून काढला. एक पाणी, दोन पाणी. तिसरं पाणी भरताना सोनाबाई म्हणाली, "केवढा जीव तुमचा ह्या पंपावर!"

"पंपावर काऊन? पितळ हाये ते, त्याले काय होते?" चंपतराव म्हणाले. "तिसरं पानी गवतासाठी असते."

मी रात्रभर ते पाणी पोटात घेऊन बसलो. इतकी वर्षं ज्यांना मी माझे लाड समजत होतो, ते माझे नव्हतेच. ज्याच्यासाठी होते, त्यालाच मी जाळलं होतं.

पुढे तीन महिने त्यांनी पुन्हा काडीकाडीनं हराळी लावली. तण जाळायचं औषध माझ्यात परत कधी भरलं नाही.

तेव्हा मित्रांनो, अवजार धुऊन ठेवत जा. कुणाचंही असो, काम कितीही घाईचं असो, तिसरं पाणी चुकवू नका. अवजार राग धरतं, आणि त्याचा राग ज्याच्यावर निघतो तो बहुधा बिचारा पायाखालचा असतो. माणिकरावाला मी आजही माफ केलेलं नाही. पण खिळ्याला उलटा टांगलेला असलो तरी पाऊस पडून दारातली हराळी हिरवी झाली, की मी तिच्याकडे बघू शकत नाही.