मी दाखवलं, त्यांनी पुसलं

मी जुन्या कॉम्प्युटरमधली 'टाईप' कमांड बोलतेय. काळ्या पडद्यावर माझं नाव लिहायचं, पुढं फाईलचं नाव द्यायचं आणि एंटर दाबायचं. आत जो मजकूर असेल तो मी समोर ठेवते. बदलत नाही, पुसत नाही. तरी खापर माझ्यावरच फुटलं!

पंच्याण्णव साली कोल्हापुरातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटर आला, त्यात मी आले. लोक चपला बाहेर काढून आत यायचे. खंडेनवमीला कीबोर्डवर हळदकुंकू पडायचं. मजकूर भराभर वर सरकला की मालक जोतीराम पडद्यावर खेकसायचे, "आगं थांब की जरा!" मला थांबवायचं कसं, हे मात्र ते कधी शिकले नाहीत.

तिथं मुरगूडची निशा मराठी मजकूर टाईप करायची. तिची आई तानूबाई विहारात स्वतः रचलेली गाणी म्हणायची. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती छापखान्यात स्टुलावर बसून गायची आणि निशा थेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. सगळी गाणी एका फ्लॉपीत होती. मग तानूबाई वारली. पहिल्या स्मृतिदिनाला निशा त्या गाण्यांची पुस्तिका काढणार होती.

तेवढ्यात व्हायरसची धास्ती पसरली. जोतीराम प्रत्येक फ्लॉपी माझ्याकडून बघायला लागले. अहो, मराठी अक्षरं निशा ज्यात टाईप करायची त्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडं असतात! माझ्याकडं ती नाहीतच. मी दाखवली ती आडवीतिडवी चिन्हं. गाणी आत धडधाकट होती.

"व्हायरस शिरलाय ह्यात!" म्हणत त्यांनी फ्लॉपी फॉरमॅट केली, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं. निशा शेजारच्याच खोलीत होती. तिला हाक मारायला काय झालं होतं?

"इचारायचं न्हाय व्हय मला?" ती रडत म्हणाली.

"मी काय करू? ह्या टाईपनंच दावलं की!"

माझं नाव पुढं! आंधळ्यानं आरशाला शिव्या द्याव्यात, तसं.

आता माऊस आलाय, मला कुणी बोलवत नाही. नका बोलवू. पण वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याचं लिहिलेलं पुसू नका. ज्याचं आहे, त्याला आधी विचारा.

पुस्तिका निघाली. निशाला आठवली तेवढी गाणी छापली, बाकीची पानं तिनं कोरीच बांधायला दिली.

"ही कोरी पानं कशाला गं?" जोतीरामांनी विचारलं.

"कोरी न्हाईत ती. तुम्ही पुसलेली गाणी हाईत."