कलत्या उन्हातली खुर्ची

दातांच्या डॉक्टरीणबाईंना आपल्या हाताचा भारी अभिमान होता. हलका हात. इंजेक्शन टोचून झालं तरी पेशंट विचारायचा, "कधी देणार?" आणि बाई मास्कच्या आड हसून म्हणायच्या, "दिलंसुद्धा." हा संवाद घडला की त्यांचा दिवस सोन्याचा. नाही घडला तर घरी भांडी आपटली जातात, असं त्यांच्या यजमानांचं म्हणणं होतं. पण यजमानांच्या सगळ्या दाढा बाईंच्याच ताब्यात असल्यामुळे ते हे अगदी हळू आवाजात म्हणत.

जुना दवाखाना तळमजल्यावर, बोळाकडे तोंड करून होता. पन्नाशी आली तशी बाईंना वाटलं, आता जरा झोकात राहावं. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर नवी जागा घेतली. पश्चिमेची सबंध भिंत काचेची. जागा दाखवली तेव्हा सकाळ होती, खोलीत मऊ उजेड होता आणि समोर मोकळं आभाळ. बाई तिथंच विरघळल्या. संध्याकाळी एकदा येऊन बघू, असं यजमान म्हणाले होते. पण यजमान प्रत्येक बाबतीत असंच म्हणतात म्हणून बाईंनी ते कानाआड केलं. खुर्ची बरोबर काचेसमोर मांडली. "आभाळ बघता बघता दात निघेल," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागल्या.

दात निघत होते, पण दुपारनंतरचे पेशंट घामाने निथळत होते. डोळे गच्च मिटायचे, मान फिरवायचे, खुर्चीत वळवळायचे. तालमीत पोरांना लोळवणारा एक आडदांड पहिलवान तर अर्धी भरलेली दाढ घेऊन उठला आणि "उरलेलं पुढच्या वेळी" म्हणत जिना उतरून गेला. सकाळचे पेशंट मात्र निवांत. बाईंनी यावर डोकं चालवलं आणि निष्कर्ष काढला, की भित्री माणसं दिवसभर टाळाटाळ करतात आणि दुपारी येतात. निष्कर्ष त्यांना इतका पटला, की मदतनीस बाईंनाही त्यांनी तो दोनदा समजावून सांगितला.

तरी मनात पाल चुकचुकलीच. आपला हात जड तर झाला नाही? घरी त्यांनी टोमॅटोवर सुई टोचून पाहिली.

"काय म्हणतोय टोमॅटो?" यजमानांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा."

"नाही, निदान तो घामाघूम तरी झालेला नाही."

मग उपाय सुरू झाले. मंद संगीत लावलं. बाई अंगाईच्या सुरात बोलू लागल्या. त्याने लोक आणखीच बिचकले. काचेजवळ माशांची पेटी आणून ठेवली, तर मासे काचेकडची बाजू सोडून पलीकडच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे. "मासेसुद्धा घाबरतात हो मला," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. मदतनीस बाईंनी पेटी बाहेरच्या खोलीत नेली. तिकडे मासे मजेत फिरू लागले, तेव्हा बाईंचा अपमान पुरा झाला.

ऊन कुणाला दिसत नव्हतं असं नाही. डोळ्यांवर येतं म्हणून आतून जाड पडदा लावला होता, एसी रात्रंदिवस घुरघुरत होता. म्हणजे उन्हाचा बंदोबस्त झाला, असं बाईंनी धरलं होतं. त्यांची स्वतःची पाठ दुपारी भाजून निघायची, पण ते त्यांनी वयाच्या खात्यावर टाकलं होतं आणि त्यासाठी गोळ्याही सुरू केल्या होत्या.

या काळजीत पेनाचं टोपण चावता चावता एक दिवस बाईंच्याच दाढेचा टवका उडाला. धाकटी बहीण, तीही दातांचीच डॉक्टर, चार दिवसांसाठी राहायला आली होती. ती म्हणाली, "ताई, चल, तुझ्याच दवाखान्यात भरून टाकू. दुपारी मोकळी आहेस ना?"

मोकळ्या होत्याच. हल्ली दुपारी बऱ्याच मोकळ्या असत.

नव्या जागेत आल्यापासून बाई पहिल्यांदाच त्या खुर्चीत आडव्या झाल्या. खुर्चीचं रेक्झिन तव्यासारखं तापलेलं. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी नेमकी उजव्या डोळ्यात. गुडघ्यांवर कुणी गरम इस्त्री धरल्यासारखं वाटत होतं आणि एसीचा गार झोत जात होता तो थेट डॉक्टरच्या डोक्यावर. बाईंनी डोळे मिटले, मान फिरवली, वळवळल्या.

"ताई, तू घाबरतेस?" बहीण चकित झाली.

"आ! आआ!" तोंडात कापूस असताना माणसाला स्वाभिमान मांडता येत नाही. बाई उठल्या, तशाच काचेपाशी गेल्या आणि पडद्यामागे हात घातला. भट्टी! काच तापलेली, पडदा तापलेला आणि मधली हवा सावकाश खोलीत उतरत होती. पडद्याने उजेड तेवढा अडवला होता. ऊन काच ओलांडून केव्हाच आत येऊन बसलं होतं. बाईंनी कापूस काढला.

"मी टोमॅटो टोचत बसले गं!" त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या, की बहिणीला दाढ भरायला अर्धा तास थांबावं लागलं.

आता ऊन बाहेरच अडवायचं, एवढं कळलं. पण बाईंचा झोक गेला नव्हता. लोखंडी जाळ्या-छतं करणाऱ्या फॅब्रिकेटरला बोलावून त्यांनी काचेच्या वरच्या कडेला बाहेरून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सुंदर छत बसवून घेतलं. दुपारी बारा-एकला सावली झकास पडली. बाईंनी बहिणीला फोटो पाठवले. मग सूर्य खाली उतरला आणि छताखालून वाकून, अगदी घरच्यासारखा, आत आला.

"कलतं ऊन आडवं येतं. वर टोपी घालून काय होणार?" यजमान म्हणाले, या खेपेला जरा मोठ्याने.

बाईंनी निमूटपणे छत उतरवलं. त्याच्या जागी काचेबाहेर, वीतभर अंतर सोडून, उभ्या पट्ट्यांची जाळी आली. पट्ट्या आतल्या दांडीने फिरवता येत. दुपारी उन्हाकडे पाठ करून तिरप्या लावल्या, की पट्ट्या बाहेरच तापत आणि त्यांची धग वाऱ्यावर निघून जाई. फटींतून आभाळाचे तुकडे दिसत, पूर्ण आभाळ नाही. पण काचेला हात लावला तर ती नुसती कोमट. एसी दबकत बोलू लागला. दुपारचे पेशंट कोरडे राहू लागले. एक आजोबा तर दाढ घासून घेताना घोरू लागले आणि बाईंच्या बोटांवर तोंड मिटता मिटता राहिलं. वयाच्या गोळ्या बाईंनी गुपचूप कचऱ्यात टाकल्या.

पावसाळ्याआधी फॅब्रिकेटर पट्ट्यांना तेल द्यायला आला, तो गाल धरून. तिसऱ्या मजल्याबाहेर ओसरीवर उभं राहावं तसा बिनधास्त उभा राहणारा माणूस, पण खुर्चीत बसला आणि त्याच्या कपाळावर टपोरे थेंब जमले. मुठी वळल्या.

"बाई," तो खोलीच्या छताकडे बघत म्हणाला, "कुठून तरी ऊन येतंय अजून."

बाहेर ढग होते. बाईंनी एकदा ढगांकडे पाहिलं, एकदा त्याच्या मुठींकडे.

"येतंय खरं जरासं," त्या म्हणाल्या. उठून त्यांनी दांडी फिरवली, पट्ट्या आणखी मिटवल्या, आणि मग सुई हातात घेतली.