बरणीतली टकटक

टक्.

काचेच्या बरणीत निळी ठिणगी चमकली आणि त्या टीचभर खोलीत दाटीवाटीने उभी असलेली माणसं पुढे झुकली.

टक्. टक्-टक्.

"आला!" महाराजांनी डोळे मिटले. "ये लेकरा, ये. पलीकडे गर्दी फार हो! त्यातून वाट काढत आलाय बिचारा."

सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. त्यांच्या मांडीवर बसलेली पाच वर्षांची मुंगी बरणीकडे टक लावून बघत होती. तिची आई मात्र दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

खोली तिच्या नवऱ्याची. दिवसभर पंखे दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी इथे बसून रेडिओवर जगभरच्या अनोळखी माणसांशी गप्पा हाणायच्या, ही त्याची हौस. मागच्या अंगणात लोखंडी टॉवर, टॉवरपासून गच्चीपर्यंत ताणलेली अँटेनाची लांब तार आणि तारेपासून खिडकीवाटे आत आलेली जाड काळी केबल. आभाळ भरून आलं की तो केबल रेडिओतून उपटून तिचं टोक या बरणीत सोडायचा. वीज आलीच तर रेडिओला झळ नको, म्हणून या हौशी मंडळींची ही जुनी खोड. असंच एकदा त्याने टोक बरणीत सोडलं, त्याच रात्री त्याला ताप भरला आणि तो परत त्या खुर्चीत बसलाच नाही.

थंडी सरली, कोरडे वारे सुटले आणि बरणी बोलू लागली.

"तो असताना वाजली होती का कधी? नाही ना?" सासूबाई विचारायच्या. सुनेला उत्तर शोधायची इच्छाच नव्हती, खरं सांगायचं तर. दुपारी मुंगी निजली की ती स्वतःच बरणीपाशी जाऊन बसायची. "ऐकतोयस ना?" म्हणायची.

टक्, बरणी म्हणायची.

ते कुणाकडून तरी, मेलेल्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या महाराजांच्या कानावर गेलं. पितळी दांडी घेऊन ते आले, मागून बघे आले. महाराज प्रश्न विचारत. टकटक झाली तर होकार. नकार हवा असला की दांडी बरणीत घालून केबलच्या टोकाला लावायची, "शांत हो!" म्हणायचं, की आवाज बंद. लोक हात जोडत.

आज मात्र ते वेगळंच बोलले.

"मोठं वादळ येतंय. गडगडाट डोक्यावर आला की याला सुटका मिळणार. पण जाण्याआधी त्याला लेकीचा हात हातात घ्यायचाय. पोरीने हे टोक मुठीत धरायचं. घट्ट."

आई पुढे झाली. "महाराज, लहान आहे हो ती. काही झालं म्हणजे?"

"त्यालाच विचारू की. बाळा, पोरीला इजा होईल का रे?" दांडी बरणीत गेली. शांतता. "बघा! नाही म्हणाला."

"सख्खा बाप आहे तिचा," सासूबाई म्हणाल्या. "तो करेल का लेकीचं वाईट?"

खिडकीबाहेर आभाळ शिसवी लाकडासारखं काळं होत होतं. वाऱ्याबरोबर धूळ आत येत होती. टकटक आता थांबत नव्हती. दूर कुठेतरी गुरगुरलं.

"आई," मुंगी म्हणाली, "काकांनी दांडी मधल्या टोचीला आणि भोवतीच्या कडीला, दोन्हीकडे लावली ना, की बाबा गप्प होतात. एकीकडेच लागली तर नाही होत."

"लहान तोंडी मोठा घास!" महाराज हसले, पण दांडी त्यांनी झटकन मागे घेतली.

आईने पहिल्यांदाच बरणीत नीट पाहिलं. केबलच्या टोकाला मधोमध पिन, भोवती धातूची कडी. ठिणगी दोघींच्या मधल्या फटीत उडत होती. पोर बरोबर बोलत होती.

आणि मग तिला दोरी आठवली. दर वर्षी हे वारे सुटले की तो टॉवरखाली उभा राहून हाक मारायचा, "अगं, दोरी धर!" कप्पीवरची दोरी सैल सोडून ते दोघं अँटेनाची तार जमिनीवर उतरवून ठेवायचे. धुळीच्या वाऱ्याने तारेवर वीज साठते, असं तो सांगायचा. हाताला घट्टे पडायचे, ती कुरकुरायची. तो असताना बरणी वाजली नव्हती, कारण वाऱ्याच्या दिवसांत तार वर नसायचीच! या वर्षी ती उतरवायला कुणी नव्हतं.

"मी वाळत घातलेले कपडे काढून येते," ती म्हणाली. "तोवर मुंगीला हात लावू देऊ नका. आई, तुम्हाला माझी शपथ."

अंगणात वारा तिला ढकलत होता. टॉवरच्या पायाशी दोरीची गाठ करकचून बसली होती. नखं मोडली तरी सुटेना. आतून महाराजांचा आवाज आला, "चल बाळ, मूठ पुढे कर." सासूबाई म्हणाल्या, "थांबा हो, तिची आई येऊ दे." गाठ सुटली. दोरी तळव्यांतून सरसरत गेली आणि लांब तार वरून गवतावर येऊन पडली.

आतली टकटक थांबली.

"रुसला!" महाराज ओरडले. "कुणीतरी अपशकुन केला!"

"आई!" ती खिडकीच्या दिशेने ओरडली. "आता ऐका हं!" सगळं अंग मागे टाकून तिने दोरी ओढली. तार वर चढली.

टक्. टक्-टक्-टक्.

तिने दोरी सोडली. शांतता.

शेजारचे शिंपीकाका खाकरले. "महाराज, आत्मा कप्पीवर चढतो होय? मग शिडीही चालली असती की!"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

ती धापा टाकत आत आली आणि तिने मुंगीला कवेत घेतलं. "कोरडा वारा, त्यातली धूळ तारेवर आपटते. लांब तार, जमिनीपासून तोडलेली, त्यामुळे तिच्यावर वीज साठत जाते. साठली की केबलमधून इथवर येते आणि ही फट ओलांडून कडीवाटे जमिनीत जाते. दांडी दोन्हीकडे लावली की ठिणगी न पडताच वाट मिळते. एवढंच आहे हे. आणि वर गडगडत असताना हे टोक पोरीच्या मुठीत देणार होतात तुम्ही! चढवू का तार वर? धरता तुम्ही? दांडीशिवाय?"

महाराजांनी बाहेर पाहिलं. आभाळ फाटल्यासारखं कडाडलं. पुन्हा पाहिलं तेव्हा दारात त्यांच्या चपलाही नव्हत्या.

लोक पांगले. तिने मुंगीला आणि सासूबाईंना खिडकीपासून दूर, घराच्या आतल्या खोलीत नेलं. पाऊस कोसळू लागला. तिचे तळवे सोलवटले होते. दुपारच्या त्या "ऐकतोयस ना?"ला मिळणारं उत्तर तिने स्वतःच्या हाताने गप्प केलं होतं.

"मग तो कुठे आहे गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाहीये, आई." ती म्हणाली. "बरणीत नाही, तारेवर नाही. मलाही हवा होता तो तिथे. म्हणूनच मी इतके दिवस बरणीत डोकावून पाहिलं नाही. मुंगीने पाहिलं."

सासूबाईंनी तिचे सोलवटलेले तळवे मांडीवर घेतले आणि त्यावर तेल चोळत राहिल्या.

आपलं माणूस गेलं की कान आसुसतात, त्याला कुणी हसू नये. पण त्या आसुसलेल्या कानांत कुणी काही सांगू लागला, तर मूठ पुढे करण्याआधी एकदा दोरी खाली सोडून बघा. खरं असेल ते तरीही खरंच राहील.

"आई," मुंगी पेंगुळत म्हणाली, "पुढच्या वारीला... पुढच्या वाऱ्याला मी धरू दोरी?"

"धर हं," ती म्हणाली. "पण आधी गाठ शिकवते."