लाल अक्षरांचं दार

एकोणीस वर्षांत सरकारनं कोरकोरच्या टपरीबद्दल एकच गोष्ट लिहून दिली होती: ‘हटवा’. दारावर, लाल रंगात, वीतभर अक्षरांत, खाली नगरसभेचं नाव आणि तारीख. घानातल्या अक्रा शहरात त्या गटाराकाठच्या सगळ्याच टपऱ्यांवर ते होतं. हटवायला कधी कोणी आलं नाही. रंग विटला की नवा हात मारायला मात्र वेळेवर येत.

यंदा खरंच येणार होते. गटार रुंद करायचं म्हणून शुक्रवारी टपऱ्या पडणार होत्या. टपरी असल्याचा सरकारी पुरावा दाखवेल त्याला नव्या बाजारात गाळा. बाकीच्यांनी आपलं बघावं.

“रोज टपरीचा टोल भरते की, साहेब,” कोरकोर नगरसभेच्या कचेरीत म्हणाली आणि पावत्यांची पिशवी टेबलावर उपडी केली.

गाळे वाटणारे ओडार्टे साहेब तिचीच केंकी खात होते. आंबवलेल्या मक्याचा गोळा, वर तळलेली मासळी, सगळं फुकट. एका पावतीला त्यांनी बोटं पुसली. गळ्यात दोरीनं शिक्का लटकत होता. कोणी चोरेल म्हणून तो ते संडासातही नेत. शिक्क्याच्या वासावरून ते कळायचंच.

“आंटी, यावरून पैसे आले एवढंच कळतं. तू आहेस हे कुठं कळतं?”

“मग हे कोणाच्या हातचं गिळताय?”

“ते तोंडी झालं. लेखी आण.”

लेखी एकच होतं. दुसऱ्या दिवशी तिनं टपरीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटलं, डोक्यावर घेतलं आणि कचेरीत आणून उभं केलं.

साहेब हसले नाहीत. खात्री करायला त्यांनी नगरसभेच्या रंगाऱ्याला बोलावलं. “ओघळ माझाच,” रंगारी अभिमानानं म्हणाला. मग झेरॉक्सचा प्रश्न आला. दार यंत्रात मावेना.

“मूळ प्रत जमा कर. गुरुवारी ये.”

गुरुवारी साहेबांच्या टेबलावर गाळ्यांचे कोरे अर्ज होते, माश्या होत्या, साहेब नव्हते. जिन्याखालच्या संडासाला आजवर दार नव्हतं. आता होतं. त्यावर लाल अक्षरांत ‘हटवा’ होतं आणि आतून साहेब खाकरत होते.

“साहेब, माझा गाळ्याचा कागद?”

“मूळ प्रत जोडल्याशिवाय फाईल सरकत नाही, आंटी. आणि मूळ प्रत सध्या वापरात आहे. केंकी आणलीस का?”

कोरकोरनं नाकाला फडकं लावलं. दाराला तिची कडी तशीच होती. कुलूपही कमरेच्या गाठीत होतं. दार गेलं म्हणून सवय थोडीच जाते. तिनं बाहेरून कडी घालून कुलूप लावलं.

“आंटी? काय वाजलं?”

“टेबलावरचा अर्ज दाराखालून सरकवते. सही करा. शिक्का गळ्यात आहेच.”

“हे नियमात बसत नाही!”

“तुम्ही बसलात ना? मग झालं.”

बाहेर टपरीवाल्यांची रांग लागली. शेजारच्या टपरीतली शिंपीण डेडे टेबलावरचा एक अर्ज घेऊन आली. “घाई करू नकोस गं,” ती म्हणाली, “माझाही आहे.”

शेवटी कागद बाहेर आला. सही, शिक्का, गाळा क्रमांक चौदा. कागद ओला होता. कशानं, हे कोरकोरनं विचारलं नाही. तिनं तो दोन बोटांत धरला. त्याच बोटांनी उद्या पीठ मळायचं होतं.

मग तिनं डेडेचा अर्ज आत सरकवला.